पट्टी न काढता घेतलेली साक्ष

नाडीमिस्त्री लॉन्ड्रीवाल्या वहिनींच्या प्रेमात पडले, ही बातमी गल्लीत बुधवारी सकाळी आली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. पेपरवाल्याने मिस्त्रींना सलग तीन दिवस पावणेसहाला लॉन्ड्रीच्या लोखंडी फाटकाशी उभं पाहिलं होतं. कानटोपी, स्वेटर, नजर आत. हातात फुलंबिलं काही नव्हतं, पण खिशात काहीतरी लांबट होतं आणि ते सारखे त्यावरून हात फिरवत होते, असं पेपरवाल्याचं म्हणणं. तेवढ्यावर रंगाच्या दुकानदाराने ती चिठ्ठी असल्याचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत चिठ्ठीत काय लिहिलंय हेसुद्धा गल्लीला पाठ झालं होतं; माहीत नव्हतं ते फक्त मिस्त्रींना.

खरं ते सांगायचं तर खिशात हीटर प्लग होते. दोन नवे, कागदी खोक्यातले. आणि बावन्न वर्षांचे मिस्त्री वहिनींना बघायला जात नव्हते, त्यांच्या गाडीबद्दल एक गोष्ट सांगायला जात होते. बातमीतली एकच गोष्ट खरी होती. माणसाची झोप उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता, आणि कारण वहिनीच होत्या.

नाडीमिस्त्री हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या पद्धतीमुळे. डिझेलचं कुठलंही छोटं इंजिन, मग ते पाण्याच्या पंपाचं असो, जनरेटरचं असो की माल वाहणाऱ्या गाडीचं, आधी ते त्याला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवणार, दुसरं टोक कानाला लावणार, आणि डोळे मिटून उभे राहणार. मग एक डोळा उघडून गिऱ्हाइकाकडे बघणार. तो एक डोळा गिऱ्हाइकाला चांगलाच महागात पडायचा, कारण त्यानंतर निदान यायचं आणि निदानाबरोबर चार टोमणे फुकट. "इंजिनाला काही झालेलं नाही, तुम्ही त्याच्याशी नीट बोलत नाही," हे एका पंपवाल्याला. "फिल्टर आहे का पायपुसणं?" हे दुसऱ्याला. गॅरेजला भिंती तीनच. चौथी बाजू गल्लीला उघडी. समोर चहाची टपरी, शेजारी रंगाचं दुकान. त्यामुळे मिस्त्रींचं निदान कधी एकट्या गिऱ्हाइकाला ऐकायला मिळालं, असं झालंच नाही. दोन-चार रिकामी माणसं कायम रंगाचे उपडे डबे धरून बसलेली असत, आणि मिस्त्रींनाही ती हवी असत. रिकाम्या गॅरेजात त्यांचा कानसुद्धा नीट चालत नसावा.

आतल्या कोपऱ्यात मिस्त्रीणबाईंचं शिलाई मशीन. त्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. मिस्त्री बोलत असले की मशीन चालू असतं. ते काही चुकीचं बोलले की मशीन थांबतं. हे गल्लीला माहीत आहे. मिस्त्रींनाही आहे.

आणखी एक वस्तू सांगितली पाहिजे. गाडीच्या पुढच्या दिव्याचा एक जुना बल्ब, त्याला डाग देऊन जोडलेल्या दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला सुई. मिस्त्रींच्या उस्तादाने ही बनवून दिली होती, आणि मिस्त्री तिला साक्षीदार म्हणत. बॅटरीला चिमटा लावायचा, प्लगच्या डोक्याला सुई. बल्ब पेटला तर प्लग जिवंत, नाही पेटला तर मेलेला. "हा खोटं बोलत नाही," हे वाक्य ते गेली तीस वर्षं सांगत आले. ते खरंच आहे. फक्त साक्षीदाराला प्रश्न नीट विचारावा लागतो, हे सांगायचं राहून गेलं होतं.

आता लॉन्ड्री. मालक मिस्त्रींचे लहानपणापासूनचे दोस्त, नाव पडलंय कडक. कॉलर, कफ, बोलणं, सगळं खळ घातल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी ओल्या चादरींचा गठ्ठा उचलताना कंबरेत काहीतरी करकन वाजलं, आणि तेव्हापासून पाठही कडक झाली. पट्टा बांधून काउंटरला बसतात. गाडी कोण चालवणार हा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे आपल्या वहिनींनी, त्रेचाळीसाव्या वर्षी स्टिअरिंग हातात घेतलं. पहिल्या आठवड्यात दोन फाटकं आणि एक कुंडी गेली, नंतर काही गेलं नाही. रोज सकाळी सव्वासहाला हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे भरून त्या निघत, आणि पावणेसातच्या आत हॉस्पिटलच्या मागच्या दाराला लागत. परत येताना खिडकी खाली करून, कोपर बाहेर काढून येत. गल्लीने त्यावरही बोलून घेतलं, पण वहिनींनी कोपर आत घेतलं नाही.

थंडी पडली आणि गाडी सकाळी रुसायला लागली. स्टार्टर फिरायचा, इंजिन खोकायचं, पांढरा धूर निघायचा, पण पकड घ्यायचं नाही. त्या छोट्या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. पण लोखंड गारठलेलं असलं की ते ती ऊब आधीच पिऊन टाकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक हीटर प्लग. पंपाचा स्टोव्ह पेटवण्याआधी आपण त्याची वाटी तापवतो, तसलाच प्रकार. चावी अर्धी फिरवली की पिवळा दिवा लागतो, प्लग तापतात. दिवा विझला की चावी पुढे.

वहिनी गाडी घेऊन गॅरेजात आल्या त्या अकरा वाजता, फेरी आटोपून. इंजिन गरम. चावी लावली तर अर्ध्या फेऱ्यात सुरू. त्या दिवशी डब्यांवर पाच माणसं होती. मिस्त्रींनी एक डोळा उघडला तेव्हाच निदान ठरलेलं होतं. तपासणी उरली होती ती जमलेल्या मंडळींसाठी. साक्षीदार काढला. चिमटा बॅटरीला, सुई पहिल्या प्लगला. पेटला. दुसऱ्याला, पेटला. तिसऱ्याला, पेटला.

तिन्ही प्लगच्या डोक्यांवरून एक पितळी पट्टी जाते. तिन्हींना वीज त्या पट्टीतूनच मिळते. तपासायच्या आधी ती काढायची असते. का, ते पुढे येईल. पट्टीला तीन बारीक नट, आणि तिसरा नट अगदी आत, भिंतीला चिकटलेला. मिस्त्रींचा जवळचा चष्मा घरी होता. आणि पाच माणसं वाट बघत होती.

"तिन्ही जिवंत," मिस्त्री म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे वहिनी, हात घाई करतोय. शिट्टी व्हायच्या आधी कुकर उघडता का तुम्ही? पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं."

वहिनींनी सांगितलं की त्या थांबतात. दिवा विझतोच, वर आणखी वीसपर्यंत मोजतात.

"मग चाळीसपर्यंत मोजा. अंक येतात ना?"

पाचही माणसं हसली. चहावाला टपरीतून हसला. मशीन थांबलं. वहिनींनी किल्ली उचलली आणि गेल्या, इतकंच.

पुढचं सगळं मिस्त्रींना तुकड्या-तुकड्याने कळलं, आणि तेव्हा त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. वहिनी चाळीसपर्यंत मोजत, स्टार्टर मारत, पुन्हा मोजत, पुन्हा मारत. चौथ्या फेरीला बॅटरी मान टाकत असे. हॉस्पिटलात तीनदा चादरी उशिरा पोचल्या. तिसऱ्यांदा तिथल्या सिस्टरने फोन केला आणि फोन कडकनी घेतला. घरात बैठक बसली. दिराने, कडकच्या धाकट्या भावाने, काही न म्हणता फक्त मान हलवली, आणि कडक म्हणाले, मिस्त्रीच म्हणाला ना, गाडी बरोबर आहे. किल्ली वहिनींच्या खुंटीवरून दिराच्या खिशात गेली. वहिनी मागे बॉयलरपाशी गेल्या. हॉस्पिटलच्या फाटकाचा पास वर्षाचा असतो, त्यावर गाडी चालवणाऱ्याचं नाव आणि फोटो. नव्या वर्षाचा पास शनिवारी दुपारी व्हायचा होता. दिराने नवा शर्ट घालून फोटो काढूनही आणला होता.

आणि गाडी? दिराच्या हातात ती रोज वेळेवर निघू लागली. कडक काउंटरमागून आवाज ऐकत आणि खूश होत. सगळे म्हणायला लागले, शेवटी हात तो हात.

हा हात कसला होता ते मिस्त्रींनी आदल्या शनिवारी पाहिलं. एका पंपावरून सकाळी परत येत होते. लॉन्ड्रीच्या फाटकापासून रस्त्याला उतार आहे. दिराने गाडी उताराला तोंड करून लावली होती, इस्त्रीवाले दोघे मागून ढकलत होते, गाडी घरंगळली, दिराने क्लच सोडला, आणि इंजिन धक्क्याने जागं झालं. मागे पांढऱ्या धुराचा लोट. मिस्त्रींचे पाय तिथेच थांबले, कारण कान आधी थांबला होता. इंजिन एका पायावर लंगडी घालत होतं. एकच सिलिंडर पेटत होता. बरंच पुढे गेल्यावर दुसरा लागला, कोपऱ्यावर पोचल्यावर तिसरा. तिन्ही प्लग जिवंत असलेलं इंजिन असं लंगडत नाही. हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, कोणाला उद्देशून कोण जाणे. "ढकलून तर म्हैससुद्धा चालू होईल."

इस्त्रीवाले हसले. मिस्त्री घरी आले, आणि चहा समोर निवत राहिला.

रविवारी गॅरेज बंद. मिस्त्रींनी शटर अर्धं ओढलं, भंगाराच्या डब्यातून दोन मेलेले प्लग शोधले, एक चांगला घेतला, तिघांना एका लोखंडी पट्टीत आवळून वाइसच्या शिकंज्यात धरलं. बॅटरीची दुसरी वायर त्या लोखंडाला जोडली. वरून पितळी पट्टी लावली. साक्षीदार काढला. मेलेल्या प्लगला सुई लावली. बल्ब पेटला. दुसऱ्या मेलेल्याला लावली. पेटला, आणि तोही छान, पिवळाधमक. वीज पट्टीवरून चालत जाऊन चांगल्या प्लगमधून उतरत होती. एकाच्या जिवावर तिघं जिवंत दिसत होते. मग त्यांनी पट्टी काढली. पहिला, काळोख. दुसरा, काळोख. तिसरा पेटला.

त्यांनी पट्टी पुन्हा लावली, पुन्हा काढली. असं सहा-सात वेळा केलं. हे उस्तादाने त्यांना पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि त्यांनी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलं होतं की पट्टी न काढता प्लग तपासणारा मिस्त्री नव्हे, वायरमन. मिस्त्रीणबाई कव्हराचं कापड न्यायला आल्या होत्या. त्यांनी दारातून हा खेळ पाहिला आणि विचारलं, कोणाच्या गाडीचं? मिस्त्री म्हणाले, कोणाच्या नाही. बाईंनी कापड घेतलं, पण गेल्या नाहीत. मग मिस्त्रींनी सांगितलं.

मिस्त्रीणबाई एवढंच म्हणाल्या, की मशीन त्या दिवशी उगाच थांबलं नव्हतं.

सोमवारपासून फाटकाच्या फेऱ्या सुरू झाल्या. ठरवून जायचे की आज सांगायचं. सोमवारी दिरानेच पाहिलं, हसत हसत आत बोलावलं, चहा पाजला, आणि मिस्त्री चहा पिऊन आले. मंगळवारी कडक पट्टा सावरत दारापर्यंत आले, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, तू म्हणालास ते अगदी खरं निघालं. अशी थाप बसल्यावर माणूस काय बोलणार. बुधवारी वहिनी स्वतः फाटकाशी आल्या, मळक्या चादरींचा गठ्ठा ओढत. हात बॉयलरच्या वाफेने कोपरापर्यंत लाल. "या भावोजी," म्हणाल्या, नेहमीसारख्याच, आणि थांबल्या. मिस्त्रींनी तोंड उघडलं. "थंडी आहे," एवढं बाहेर पडलं. "आहे," वहिनी म्हणाल्या आणि गठ्ठा ओढत आत गेल्या. गठ्ठ्याचं एक टोक तरी धरायला हवं होतं, हे मिस्त्रींना चहाच्या टपरीपर्यंत आल्यावर सुचलं. तोपर्यंत पेपरवाल्याने पुढची दोन घरं गाठली होती.

गुरुवारी मिस्त्री फाटकापर्यंतही गेले नाहीत, कोपऱ्यावरूनच परतले. दुपारी रंगाच्या दुकानदाराने डोळे मिचकावत विचारलं की उत्तर आलं का. मिस्त्रींना काही कळेना. मिस्त्रीणबाईंना कळलं. त्यांनी अख्खी बातमी, चिठ्ठीतल्या मजकुरासकट, नवऱ्याला ऐकवली, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमात पडायला आधी नखांतलं ग्रीस काढावं लागतं, म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "चूक चारचौघांत केलीत. आणि आता कबूल करायला अंधार शोधताय."

मिस्त्री म्हणाले, शोधत नाही, वेळ बघतोय. बाई म्हणाल्या, शनिवारी पास होतो, तेवढी वेळ बघा.

मग मिस्त्रींनी एक युक्ती काढली. घाबरलेल्या माणसाला सुचते तशीच. दिराला निरोप धाडला, गाडीचं तेल बदलायचं झालंय, घेऊन ये. बेत असा: तेलाच्या निमित्ताने बोनेट उघडायचं, मेलेले दोन प्लग काढायचे, खिशातले दोन घालायचे. गाडी सकाळी चावीवर सुरू होईल. कोणाला काही सांगायला नको. झालेली गोष्ट झाली.

शुक्रवारी दुपारी दीर गाडी घेऊन आला आणि डब्यावर बसला. इंजिन गरम होतं, प्लग सुटायला सोपं. मिस्त्रींनी पहिल्या नटावर पाना लावला. दीर बोलत होता. पोरगा वाईट नाही, तीस-बत्तीसचा, जरा फुशारक्या मारतो एवढंच. म्हणाला, "मिस्त्री, खरं सांगू? गाडीला हात कळतो. वहिनी मेहनती आहेत, पण गाडीला ते कळतं."

पाना तिथेच थांबला. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ आली. दीर चावी फिरवतोय, गाडी पहिल्या झटक्यात सुरू, ना उतार, ना ढकलणारे. कडक काउंटरवरून म्हणतायत, बघा. आणि वहिनी बॉयलरपाशी हे ऐकतायत. आतापर्यंत त्यांना निदान एवढं तरी माहीत होतं की दीरही ढकलूनच गाडी काढतो. नवे प्लग गुपचूप घातले की तेवढंही जाणार. वहिनींना स्वतःलाच वाटणार, हात आपलाच वाईट होता. आणि ते मिस्त्री आपल्या हाताने, पाना फिरवून, कायमचं पक्कं करणार.

त्यांनी पाना काढला. तिन्ही प्लगच्या मुळाशी तेलाचे चार-चार थेंब सोडले, जुने प्लग रात्रभर सैल व्हावेत म्हणून, आणि बोनेट खाली केलं. दिराला म्हणाले, गाडी आज इथेच राहील, थंड होऊ दे. गठ्ठे संध्याकाळीच आणून भर. उद्या सकाळी सहाला कडकला घेऊन ये, आणि किल्ली वहिनींच्या हातात दे.

दिराने विचारलं, आणि फेरी चुकली तर?

"तर मी हातगाडीवर घालून नेतो," मिस्त्री म्हणाले. दिराला ती थट्टा वाटली.

चहावाल्याला आणि रंगाच्या दुकानदाराला मिस्त्रींनी स्वतः बोलावलं. प्रेमाचा जाहीर उलगडा होणार या आशेने पेपरवालाही वेळेआधी हजर. सहाला सगळे जमले तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. कडक खुर्चीवर, पट्टा बांधून ताठ. वहिनी उभ्या, किल्ली मुठीत, आणि चेहरा असा की आणखी एकदा हसून घ्यायचंय तर घ्या लवकर.

मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि हीटर प्लग म्हणजे काय इथून सुरुवात केली. स्टोव्हची वाटी झाली, गारठलेलं लोखंड झालं, जुन्या काळचे प्लग आणि नव्या काळचे प्लग झाले. चहावाल्याने जांभई दिली. आतलं शिलाई मशीन, जे एवढ्या सकाळी चालायचं काही कारणच नव्हतं, ते थांबलं. मिस्त्रीणबाई बाहेर आल्या, चष्म्याची डबी उघडली, आणि नवऱ्याच्या नाकावर चष्मा चढवून परत गेल्या.

मिस्त्रींना आता सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. ते काही बरं झालं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तिन्ही प्लग जिवंत म्हणालो. एकच जिवंत होता. ही पट्टी काढून बघायला हवं होतं, मी काढली नाही. तुमचा हात चुकला नव्हता."

 मग कडकनी खुर्चीत चुळबुळ केली आणि म्हणाले, अरे सोड, एवढ्यासाठी थंडीत माणसं गोळा केलीस?

"त्या दिवशीही माणसं गोळा होतीच," मिस्त्री म्हणाले.

वहिनी पुढे आल्या आणि इंजिनात वाकल्या. कुठली पट्टी, विचारलं. मिस्त्रींनी दाखवली. काढायला किती वेळ लागतो, विचारलं. मिस्त्री म्हणाले, दोन मिनिटं.

"मी एकवीस दिवस चाळीसपर्यंत मोजत होते, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "मनातल्या मनात. ओठ हलले की इस्त्रीवाले बघतात म्हणून."

 वहिनींनी हात पुढे केला. मिस्त्रींना वाटलं, किल्ली देतायत. त्या पाना मागत होत्या.

पट्टी वहिनींनीच काढली. दोन नट सरळ निघाले. तिसरा, भिंतीला चिकटलेला, जिथे मिस्त्रींची जाड बोटं जात नाहीत, तिथे त्यांची बोटं सहज गेली. मग साक्षीदार मागून घेतला. चिमटा बॅटरीला. सुई पहिल्या प्लगला, काळोख. दुसऱ्याला, काळोख. तिसऱ्याला लावली आणि बल्ब पेटला. तो उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला. त्यांनी सुई काढली, पुन्हा पहिल्याला लावली, आणि बल्ब दिराच्या तोंडासमोर धरला. दीर बुटांकडे बघू लागला.

मेलेले प्लग मिस्त्रींनी काढले. पहिला निमूट आला. दुसरा अडून बसला. त्याचं टोक आत फुगलेलं होतं, आणि जोर केला तर ते तुटून सिलिंडरमध्ये पडणार. मग इंजिन उघडण्याशिवाय इलाज नाही, आणि सव्वासहा होत आले होते. मिस्त्री पाना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत राहिले, वर तेल सोडत राहिले. त्यांच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम होता. कोणी टोमणा मारला नाही, एरवी त्यांनी अशा वेळी दुसऱ्याला दोन तरी मारले असते. प्लग सुटला तेव्हा रंगाच्या दुकानदाराने श्वास सोडलेला सगळ्यांना ऐकू आला.

वहिनी म्हणाल्या, दाखवा तर खरं, जिवंत म्हणजे कसा. मिस्त्रींनी नवा प्लग पकडीत धरून बॅटरीला जोडला. टोक आधी काळं, मग तांबूस, मग निखाऱ्यासारखं लाल. जुना धरला. तो खिळ्यासारखा नुसता राहिला. वहिनींनी जुना प्लग हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि कडकच्या मांडीवर ठेवला. कडकनी तो उचलला नाही आणि खालीही टाकला नाही.

प्लग बसले, पट्टी बसली. वहिनी सीटवर चढल्या. चावी अर्धी फिरवली, पिवळा दिवा लागला. ओठ हलत होते. या वेळी कोण बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती. दिवा विझला आणि त्यांनी चावी पुढे नेली. इंजिन एका दमात लागलं, तिन्ही पायांवर, आणि धुराची एक बारीक रेघ निघून विरली. मिस्त्रींनी सवयीने डोळे मिटले होते. ते त्यांनी लगेच उघडले.

दिराने विचारलं की मग त्याने काय करायचं. वहिनी म्हणाल्या, मागे बस, गठ्ठे उतरवायला माणूस लागतोच. गाडी गल्लीतून निघाली. कोपऱ्यावर पोचायच्या आधी खिडकी खाली झाली आणि कोपर बाहेर आलं. पासावर वहिनींचंच नाव आलं. दिराचा नव्या शर्टातला फोटो अजून रंगाच्या दुकानदाराकडे आहे. तो म्हणतो, स्थळ आलं तर उपयोगी पडेल.

गोष्ट इथे गोड व्हायला हरकत नव्हती, पण वहिनींनी मिस्त्रींना माफ केलं असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मिस्त्रींनी प्लगचे पैसे घेतले नाहीत, तर वहिनींनी ते टेबलावर ठेवले आणि गेल्या. गाडी अजून त्यांच्याकडेच आणतात. "भावोजी" म्हणतात, पण दात काढणाऱ्या डॉक्टरला म्हणावं तसं. बोनेट उघडायच्या आधी एकच शब्द विचारतात, "चष्मा?" आणि मिस्त्री खिशातून काढून दाखवतात. एकदा मिस्त्रींनी तो प्रश्न येण्याआधीच चष्मा घालून ठेवला होता. वहिनींनी तरीही विचारलं.

प्रेमाची बातमी मेली. तिची जागा घेईल अशी दुसरी मिळायला गल्लीला आठवडा लागला. मिस्त्रींमध्ये मात्र एक फरक पडला, तो अजून आहे. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून झाला, एक डोळा उघडून झाला, की पूर्वी लगेच निदान यायचं. आता येत नाही. ते उभे राहतात, नजर जमिनीकडे, आणि ओठ हलत असतात. डब्यांवर बसलेल्यांना सुरुवातीला वाटलं जप करतायत. आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी बोलत नाही. नव्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं.

परवा जनरेटरवाला आला होता, घाईत. मिस्त्रींनी ऐकलं, डोळा उघडला आणि ओठ हलवत उभे राहिले. जनरेटरवाला दोनदा घड्याळ बघून वैतागला आणि म्हणाला, अहो मिस्त्री, पुटपुटताय काय, कळलंय तर सांगून टाका ना.

मिस्त्री म्हणाले, "थांबा, अठ्ठावीस झालेत. मागे एकदा न मोजता सांगून टाकलं, तर एका बाईची किल्ली गेली होती."